गाणं कुणाचं, कोळंबी कुणाची

लढाया माणसांना तोडतात आणि त्याच लढायांच्या धामधुमीत जन्मलेली गाणी, नाच, पदार्थ माणसांना पुन्हा जोडतात, असं मी फार वर्षं मनापासून मानत आले. ह्यूस्टनच्या आमच्या मंडळात कार्यक्रमाचं निवेदन बहुधा माझ्याकडे येतं. सी. रामचंद्रांचं एखादं ठेक्याचं गाणं यादीत असलं की त्याआधीच्या दोन मिनिटांत मी हेच सांगायची, आणि लोकांना ते आवडायचं. आवडणारच. आपण सगळे कुठून तरी उठून इथे आलेले. वेगवेगळ्या मातीतल्या गोष्टी एकत्र आल्या की त्यातून काहीतरी सुंदर निघतं, हे ऐकून आपल्याला धीर येतो.

आता मी तसं सांगत नाही. का सांगत नाही, ते एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

माझे दाखले ठरलेले होते. पहिला मुंबईचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत इंग्रज-अमेरिकन सैनिकांची वर्दळ होती. त्यांच्यासाठी स्विंग आणि जॅझ वाजायचं आणि वाजवणाऱ्यांत गोव्याची मंडळी मोठ्या संख्येने असायची. तेच वादक सिनेमाच्या ध्वनिमुद्रणालाही जायचे. आपले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, त्यांच्यात बसले, आणि १९४७च्या ‘शहनाई’त आणि १९५१च्या ‘अलबेला’त जो ठेका ऐकू आला त्याने घराघरांतल्या माणसांचे पाय हलले. माझे वडील त्यांतलेच. मालवणच्या घरी रेडिओवर ‘अलबेला’ लागला की हातातलं वर्तमानपत्र बाजूला जायचं.

दुसरा दाखला हवाई बेटांचा. मिनेसोटातल्या हॉर्मेल कंपनीने १९३७मध्ये बाजारात आणलेलं स्पॅम नावाचं डबाबंद मांस युद्धकाळात तिथे पोचलं आणि राहिलं. जपानी वंशाच्या लोकांनी ते परतून भाताच्या वडीवर ठेवलं आणि समुद्री शेवाळाच्या पट्टीने बांधलं. आज ते तिथे पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतं.

आणि तिसरा, माझा सगळ्यात लाडका, आमच्या ह्यूस्टनचा.

थंडी ओसरायला लागली की इथे क्रॉफिशचा हंगाम सुरू होतो. माझ्या मालवणी डोळ्यांना तो प्राणी म्हणजे गोड्या पाण्यातली बोटाएवढी शेवंड दिसते. टेबलावर कागद अंथरतात आणि मधोमध लालभडक ढीग ओततात, त्यात मक्याची कणसं आणि अख्खे बटाटे. डोकं पिरगळून वेगळं करायचं, त्यातला रस चोखायचा, मग शेपटीचं कवच सोलून आतला पांढरा तुकडा काढायचा. लुइझियानाच्या केजन लोकांची रीत अशी, की सगळा मसाला उकळत्या पाण्यातच घालायचा: लाल तिखट, लसूण, लिंबू, भरपूर मीठ. पाण्यातून उपसलं की ते खायला तयार. बेलेअर बुलेवार्डवरच्या व्हिएतनामी खानावळींत मात्र खरं काम त्यानंतर सुरू होतं. मोठ्या भांड्यात लोणी वितळतं, त्यात ठेचलेल्या लसणीचा ढीग पडतो, कुठे गवती चहाचे कोवळे दांडे, कुठे संत्र्याच्या फोडी, आणि उकडलेले क्रॉफिश त्या लोण्यात घोळवून काढतात. सोबत छोट्या वाटीत मीठ, मिरपूड आणि लिंबाचा रस. हाताला लसणीचा वास दुसऱ्या दिवशी कचेरीतही येत राहतो, आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही.

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे न्यायची आणि जेवता जेवता गोष्ट सांगायची. केजन म्हणजे मूळचे अकेडियन, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात राहणारे फ्रेंचभाषक शेतकरी. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या लढाईत १७५५पासून इंग्रजांनी त्यांना घरादारावरून उठवलं, गलबतांत भरलं आणि दाही दिशांना पाठवलं. त्यांतले काही लुइझियानाच्या दलदलीत येऊन वसले. आणि हे व्हिएतनामी? ३० एप्रिल १९७५ला सायगाव पडलं. त्या वर्षी सुमारे १,३०,००० माणसं अमेरिकेत आली. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनसारख्या लष्करी तळांवरच्या तंबूंत आणि बराकींत राहून ती पुढे ठिकठिकाणी गेली. त्यांतली बरीच इथे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर आली, कारण हवा ओळखीची होती आणि समुद्रातलं काम येत होतं. दोनशेवीस वर्षांच्या अंतराने दोन लढायांनी उठवलेली दोन माणसं एका टेबलावर बसली, दोघांच्याही जेवणात फ्रेंचांचा अंश होता, आणि बघा काय झालं! असा माझा शेवट असायचा. पाहुणे खूश व्हायचे.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होते तिथे माझी एक व्हिएतनामी सहकारी होती. वयाने माझ्याहून मोठी. तिचा नवरा गॅल्व्हेस्टनच्या खाडीत, सीब्रुक-किमा भागात, कोळंबीच्या बोटीवर होता. एकदा माझ्या घरी पाहुण्यांसोबत तीही जेवायला होती आणि मी ही गोष्ट तिच्यासमोर सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “तू नेहमी तंबूवरून एकदम टेबलावर येतेस. मधलं सांगत नाहीस. बोटी जाळल्या ते सांगत नाहीस.”

मला ते माहीत नव्हतं. टेक्सासमध्ये इतकी वर्षं काढूनही नव्हतं. मग मी वाचायला लागले, आणि जे वाचलं त्याने माझ्या गोष्टीचा मधला भाग, जो कधी नव्हताच, तो भरत गेला.

१९७९च्या ऑगस्टमध्ये सीड्रिफ्ट नावाच्या छोट्या मच्छीमार गावात खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या जागेवरून चाललेलं भांडण विकोपाला गेलं. एक गोरा मच्छीमार गोळी लागून मेला. दोन व्हिएतनामी भावांवर खटला झाला आणि त्यांनी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली हे मान्य करून ज्यूरीने त्यांना सोडलं. पण निकालाची वाट कुणी पाहिली नव्हती. गोळीबारानंतर लगेच व्हिएतनाम्यांच्या बोटी पेटल्या आणि कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून पळाली.

पुढे हे लोण गॅल्व्हेस्टनच्या खाडीत आलं आणि तिथे कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची वर्णद्वेषी संघटना त्यात उतरली. १४ फेब्रुवारी १९८१ला टेक्सासमधल्याच सांता फे गावात त्यांनी सभा भरवली आणि बोट कशी जाळायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं. जाळण्यासाठी आणलेल्या बोटीवर ‘यूएसएस व्हिएतकाँग’ असं नाव रंगवलं होतं. हे वाचून मी थांबले. ज्या माणसांनी व्हिएतकाँगविरुद्ध अमेरिकनांच्या बाजूने लढून आपला देश गमावला होता, त्यांना व्हिएतकाँग ठरवून जाळायची ही तयारी होती. व्हिएतनामी मच्छीमारांच्या संघटनेचे प्रमुख गुयेन व्हॅन नाम स्वतः दक्षिण व्हिएतनामच्या लष्करात कर्नल होते. आणि समोरच्या बाजूचा म्होरक्या लुई बीम व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवून आलेला. दोघे एकाच लढाईतून, एकाच बाजूने आलेले. लढाईने झालेल्या ओळखीतून त्या दोघांमध्ये काही जुळलं नव्हतं. मार्चमध्ये क्लानचे लोक झगे घालून, बंदुका घेऊन बोटीतून खाडीत फिरले. बोटीवर एक पुतळा फासाला लटकवलेला होता.

इथे मला गोऱ्या मच्छीमारांचीही बाजू सांगितली पाहिजे, कारण मी मालवणची आहे आणि रापणकार आणि ट्रॉलरवाले यांची भांडणं बघत मोठी झाले. डिझेल महागलं होतं आणि त्याच पाण्यात बोटींची संख्या वाढली होती. कुणी कुठे जाळं टाकायचं, दुसऱ्याच्या बोटीपासून किती अंतर राखायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं. ते बापाकडून मुलाकडे जातं. नव्या माणसाला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो अख्ख्या कुटुंबासह पहाटेपासून अंधारापर्यंत राबत होता. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला हे पाहून जी भीती वाटते ती खोटी नसते. त्या भीतीला झगा आणि मशाल कुणी दिली, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खटल्यात आलं.

व्हिएतनामी मच्छीमारांच्या संघटनेने सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरच्या वकिलांची मदत घेऊन ह्यूस्टनच्या फेडरल न्यायालयात क्लानविरुद्ध दावा लावला. न्यायाधीश होत्या गॅब्रिएल मॅक्डॉनल्ड, टेक्सासमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश. त्यांनी बाजूला व्हावं अशी मागणी क्लानकडून झाली, धमक्या आल्या. त्या हटल्या नाहीत. कोळंबीचा हंगाम १५ मे १९८१ला सुरू व्हायचा होता. आदल्या दिवशी त्यांचा मनाई आदेश निघाला: धमकावायचं नाही, हत्यारं घेऊन बोटींभोवती फिरायचं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी क्लानच्या खासगी सैनिकी कवायतींवरही बंदी आणली. याच मॅक्डॉनल्डबाई पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात गेल्या, युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचा न्याय करायला, आणि १९९७ ते १९९९ त्याच्या अध्यक्ष होत्या.

माझ्या सहकारी मैत्रिणीचा नवरा त्या १५ मेला बोट घेऊन निघाला होता. धक्क्यावर सरकारी माणसं उभी होती, एवढंच त्याला त्या दिवसाचं नीट आठवतं. भीती वाटली का, असं मी विचारलं. “वाटली. पण बर्फ भरून झाला होता,” तो म्हणाला. बर्फ भरलेली बोट धक्क्याला ठेवून चालत नाही, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या आदेशामुळेच लसूण-लोण्यातले क्रॉफिश जन्माला आले, असं मी म्हणणार नाही. तो पदार्थ बराच नंतरचा, पुढच्या पिढीचा. पण माणसं या भागात टिकली, बोटी विकून पळून गेली नाहीत, त्यांच्या मुलांना इथे दुकान थाटावंसं वाटलं, म्हणून पुढचं सगळं झालं. माझ्या गोष्टीत लढाई होती आणि टेबल होतं. मधली कोर्टाची खोली नव्हती. केजन लोकांचंही तेच. १७५५च्या हकालपट्टीवरून मी थेट मसाल्यावर यायची. १९२१च्या लुइझियानाच्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच चालेल असं ठरवलं आणि पुढे फ्रेंच बोलणाऱ्या केजन मुलांना शिक्षा होत राहिल्या, हे मी सोडून द्यायची. त्यांचा मसाला सगळ्यांना हवा होता, त्यांची भाषा कुणाला नको होती.

मग मी हवाईच्या माझ्या लाडक्या भाताच्या वडीकडेही पुन्हा पाहिलं. पर्ल हार्बरनंतर बेटांवर लष्करी कायदा लागू झाला आणि तो १९४४च्या ऑक्टोबरपर्यंत राहिला. खोल समुद्रातली मासेमारी मुख्यतः जपानी वंशाच्या लोकांच्या हाती होती. त्यांच्यावर संशय, म्हणून त्यांच्या बोटींवर निर्बंध. ताजी मासळी मिळेनाशी झाली तेव्हा डब्यातलं मांस ताटात आलं. ज्यांचा समुद्र काढून घेतला त्यांच्याच ताटात. ती वडी रुचकर आहे आणि मी ती आजही आवडीने खाते, पण ती दोन संस्कृतींनी एकमेकींना दिलेली भेट होती असं आता मला म्हणवत नाही.

इथपर्यंत मी मासळीच्या वाटेने आले. गाण्याच्या बाबतीत मन पालटायला जास्त वेळ लागला, कारण गाणं मला जास्त जवळचं.

आमच्या मंडळाच्या एका कार्यक्रमात मुलींनी १९४०च्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांवर नाच बसवला होता. त्यात अँड्र्यूज सिस्टर्सचं ‘रम अँड कोका-कोला’ होतं. १९४५मध्ये ते अमेरिकेत आठवड्यांमागून आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. चाल अशी की बसल्या जागी खांदे हलावेत. निवेदनासाठी म्हणून मी त्याची माहिती काढायला गेले.

१९४०च्या करारानुसार अमेरिकेने इंग्रजांना जुन्या विनाशिका दिल्या आणि त्या बदल्यात त्रिनिदादसह अनेक ठिकाणी तळांसाठी जागा घेतल्या. त्रिनिदादमध्ये हजारो अमेरिकन सैनिक आले, डॉलर आले, आणि डॉलरमागे काय काय आलं ते तिथल्या लोकांनी पाहिलं. लॉर्ड इन्व्हेडर या नावाने गाणारा रूपर्ट ग्रँट हा कॅलिप्सो गायक. त्याने त्यावर गाणं रचलं. आई आणि मुलगी दोघी सैनिकांच्या डॉलरसाठी स्वतःला विकताहेत, असं त्यात सरळ सांगितलेलं आहे. ते गाणं उत्सवाचं नाही, ती कैफियत आहे. १९४३मध्ये सैनिकांचं मनोरंजन करायला गेलेला मोरी ॲमस्टरडॅम हा विनोदी नट त्रिनिदादहून परतला, आणि पुढे अमेरिकेत त्या गाण्याच्या हक्कांवर त्याचं आणि त्याच्या साथीदारांचं नाव लागलं. इन्व्हेडरचं कुठेही नाही. काही रेडिओ केंद्रांनी गाण्याला हरकत घेतली ती त्यातल्या रमचा उल्लेख आणि कोका-कोलाची फुकट जाहिरात यांवरून. आई आणि मुलीकडे कुणाचं लक्ष गेल्याचं दिसत नाही.

पुन्हा न्यायालय, यावेळी न्यूयॉर्कचं. इन्व्हेडरचे शब्द त्रिनिदादमध्ये मोहम्मद खान यांनी एका पुस्तिकेत आधीच छापलेले होते. ती पुस्तिका पुरावा ठरली आणि १९४७मध्ये निकाल खान यांच्या बाजूने लागला. चालीचा खटला वेगळा. ती चाल त्रिनिदादचेच लायोनेल बेलास्को यांची, १९०६ सालची, आणि तिच्यावरचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. चालीच्या खटल्यात वकील लुई नायझर होते. साध्या कागदाची पुस्तिका नसती, किंवा ती नोंदवायचं खान यांच्या मनात आलं नसतं, तर आज आपण हे गाणं ‘युद्धकाळातली सुंदर सरमिसळ’ म्हणूनच ऐकलं असतं. मी स्वतः तसंच निवेदन लिहून ठेवलं होतं. ते मी वाचलं नाही. मुली नाचल्या, छान नाचल्या, आणि त्याआधी मी लॉर्ड इन्व्हेडरची हकीगत सांगितली. सभागृहात थोडी चुळबूळ झाली. आईवडील मुलींना घेऊन आलेले असतात, हे मला समजतं. पण ज्या गाण्यावर आपण मुलींना नाचवतो ते कुणाच्या मुलींबद्दल आहे, हे त्यांनाही कळायला हवं.

आमच्या मंडळात ॲकॉर्डियन वाजवणारे एक काका आहेत. ते वर्षानुवर्षं एकच मागणी करत आले: पत्रिकेत गायक-संगीतकारांबरोबर वादकांची, संयोजकांची नावं छापा. मी त्यांना नेहमी म्हणायची, “काका, गाणं एकदा लोकांच्या तोंडी बसलं की ते लोकांचंच होतं. नावं कशाला?” मला त्यात काही चुकीचं वाटत नसे. उलट मालकी विचारणं कोतेपणाचं वाटे. संत-शाहिरांच्या परंपरेतली मी. तिथे एकाचं पद दुसऱ्याच्या मुखी जातंच. पण त्या परंपरेतही माणूस शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफून ठेवतो आणि गाणारा ते नाव मोठ्याने घेतो, ही गोष्ट मी काकांशी वाद घालताना सोयीने विसरत होते.

मग मुंबईच्या दाखल्याकडे नव्याने पाहणं आलंच. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक. तो मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा आणि युद्धाच्या काळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात त्याचा वाद्यवृंद सैनिकांसाठी वाजे. ज्या सैन्यासाठी तो वाजवत होता त्यात त्याच्या वर्णाच्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या ठेवलेल्या असत. १९४५मध्ये तो कलकत्त्यातच पटकीने गेला. अल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, हा सी. रामचंद्रांचा सहायक होता, आणि ‘अलबेला’त तो आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस: ही स्वरलिपी लिहिणारी, पन्नास वाद्यांना एकत्र बांधणारी माणसं. यांच्याशिवाय त्या काळचा फिल्मी वाद्यमेळ उभा राहिला नसता. बहुतेकांना महाराष्ट्रात कुणी ओळखत नाही. गोन्साल्विसांचं नाव देशभर झालं ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी आठवण ठेवली म्हणून, आणि तरीही ते खऱ्या माणसाचं नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक.

सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची राहिली. १९५०च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ हे माझ्या वडिलांचं आवडतं, माझंही. लता आणि अमीरबाई कर्नाटकी गातात. सिनेमा आझाद हिंद सेनेवरचा, नेताजींच्या सैनिकांचा. आणि गाण्याची चाल १९४५च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडच्या चित्रपटातली, कार्मेन मिरांडाने गायलेल्या गाण्यावरून उचललेली. मूळ गाणं जिमी मॅकह्यू आणि हॅरल्ड ॲडमसन यांचं. इंग्रज-अमेरिकनांच्या विरुद्ध बाजूला उभ्या राहिलेल्या सैन्याच्या कहाणीत अमेरिकेच्या युद्धकाळातली चाल! पूर्वी हे सांगताना मला केवढा आनंद व्हायचा. पण मॅकह्यू-ॲडमसनचं नाव आपल्याकडे कुणी घेतलं? ॲमस्टरडॅमने इन्व्हेडरचं घेतलं नाही म्हणून मी चिडते, मग माझ्या लाडक्या रामचंद्रांना मी कोणत्या तोंडाने सोडू? फरक आहे, हे खरं. हॉलिवूडचे गीतकार पोटासाठी इन्व्हेडरइतके उघड्यावर नव्हते, आणि रामचंद्रांनी त्या चालीत जे भरलं, लताबाईंच्या आवाजाला जो ठेका दिला, ते मूळ गाण्यात नाही. ती त्यांची स्वतःची कमाई. तरी दोन नावं सांगितली असती तर तिसऱ्याचं काही कमी झालं नसतं. रामचंद्रांवरचं माझं प्रेम तसूभरही घटलेलं नाही, म्हणूनच हे लिहिते आहे.

याचा अर्थ सगळ्या गोष्टींवर मालकीची मोहोर हवी, असंही मला वाटत नाही. लाल मिरचीच्या सॉसची ती हिरव्या झाकणाची, कोंबडा छापलेली बाटली आता आपल्याही घरांत असते. ती बनवणारे डेव्हिड ट्रॅन दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते. युद्धानंतर ते तिथे मिरचीचा सॉस करायचे आणि अमेरिकनांनी मागे टाकलेल्या बाळाच्या खाण्याच्या बरण्यांत भरून विकायचे. ज्या जहाजाने देश सोडला त्याचंच नाव, हुई फाँग, त्यांनी १९८०मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेल्या कंपनीला दिलं. कोंबड्याचं चिन्ह त्यांनी नोंदवून घेतलं, पण ‘श्रीराचा’ हे नाव कधीच नोंदवलं नाही. ते नाव मुळात थायलंडच्या एका गावाचं. मोठमोठ्या कंपन्यांनी आपापले श्रीराचा काढले आणि ट्रॅन यांनी ते चालू दिलं. इथे देणारा स्वतः ठरवतो आहे, काय ठेवायचं आणि काय सोडायचं. इन्व्हेडरला तसं ठरवायला कुणी विचारलं नव्हतं. मला आता या एका गोष्टीचं महत्त्व वाटतं. सरमिसळ होणारच, व्हावीच, माझ्या स्वयंपाकघरात रोज होते. ज्याचं घेतलं त्याला ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ म्हणायची संधी होती का, एवढं मी आधी बघते. लढाई ती संधी देत नाही. ती फक्त माणसांना एका जागी आणून टाकते. पुढचं धक्क्यावरचा परवाना, कोर्टाचा आदेश आणि छापलेली पुस्तिका यांवर ठरतं.

काकांची मागणी यंदा मान्य झाली आहे. पत्रिकेचं एक पान वाढलं आणि खर्चावरून बैठकीत थोडी कुरकुर झाली, पण वादकांची आणि संयोजकांची जी नावं मिळाली ती छापायला गेली. ‘गोरे गोरे’खाली मॅकह्यू आणि ॲडमसनही आहेत.

माझ्या मैत्रिणीचा नवरा आता बोटीवर जात नाही. त्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला, आठवड्याच्या शेवटी एका खानावळीबाहेर क्रॉफिश विकतो, लसूण-लोण्यातले. मी त्याला म्हटलं, फलकावर वडिलांच्या बोटीचं नाव लिही, १९८१ लिही, लोकांना कळू दे. तो नाही म्हणाला. “मावशी, लोक जेवायला येतात. आईबाबांनी जे सोसलं ते मी चटणीसारखं विकायला नाही ठेवणार.” त्याच्या आईला त्याचं पटतं. बापाचं म्हणणं असं, की नाव लिहायला हरकत नाही, साल नको. मला अजूनही वाटतं की दोन्ही लिहावं, आणि तसं मी त्याला दर वेळी सांगते. फलक त्याचा आहे.